थोरलीचे आरसे

४ फेब्रुवारी

भिंगरे,

अभिनंदन. हा शब्द लिहायला मला अकरा दिवस लागलेत. नीट वाचून घे, पुन्हा मिळायचा नाही.

बातमी मला जेवणघराबाहेरच्या फलकावर कळली. हात पुसत बाहेर आले, तर पाणी जपून वापरण्याच्या सूचनेखाली नवा कागद टाचलेला: थोरल्या दुर्बिणीला नवा कॅमेरा बसला, आता तिची कामगिरी किती सुधारली याची रीतसर तपासणी होणार, आणि तपासणीची प्रमुख तू. मागे जीपवाले काका उभे होते. "अरे वा, ही तुमची मावसबहीण ना?" मी म्हटलं, "हो हो, माझीच." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी फोन उचलत नाही, ही तुझी तक्रार मावशीकडून पोचली. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून नाही उचलत. कागद बरा. जीप आठवड्यातून एकदाच टपाल घेऊन पठारावरून खाली उतरते, तोवर निम्मा राग निवतो. उरलेला निम्मा तुला पाठवतेय.

एकोणीस वर्षं झाली मला इथे. थोरलीचा जुना कॅमेरा मी बांधला. पाचशे शहात्तर नळ्या, एकेक या हातांनी बसवलेली. वरून गॅमा किरण आला की हवेत उंचावर निळसर ठिणगी उडते, पापणी लवायच्या आत विझते. ती आरशांनी गोळा करायची आणि नळ्यांनी पकडायची, एवढाच आपला धंदा. हे तुला कुणी शिकवलं? चार वर्षं माझ्या खोलीत राहिलीस, माझ्या खाटेवर पाय पसरून बसायचीस आणि वाफा निघणारा माझा चहा उष्टा करायचीस, तेव्हा मीच शिकवलं ना?

त्या कॅमेऱ्याला आता 'कालबाह्य' म्हणतात. आणि तो किती कालबाह्य होता, ते आकड्यात तू सांगणार. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मला तुझा मत्सर वाटतो. घे, लिहूनच टाकलं. मनात ठेवून मला अपचन होतंय.

तुझी ताई

*

१५ फेब्रुवारी

ताई,

तुला नमस्कार करते आणि लगेच भांडायला बसते.

हे काम मी मागितलं नव्हतं. समितीने सरळ सांगितलं, ज्याने दुर्बिणीचा एक स्क्रूही बसवलेला नाही असाच माणूस तपासणीला हवा. हा नियम मला पहिल्यांदा कुणी सांगितला होता? तूच. "ज्याने पेपर लिहिला त्यानेच तपासला तर सगळेच पहिले येतील," असं म्हणाली होतीस. मग आता कुणावर चिडतेस?

आणि मत्सराचं म्हणशील, तर तो तुझ्या एकटीच्या मालकीचा नाही. लहानपणी माझ्या हातून कप फुटला की आई म्हणायची, "ताईचे हात बघ, कसे सरळ चालतात." पदवी मिळाली तेव्हा म्हणाली, "छान. पण ताईने कॅमेरा बांधलाय." मी अजून काहीच बांधलेलं नाही. नुसते आलेख काढते. ते आईला दाखवले तर विचारते, "हे डोंगर कशाचे?"

बरं, कामाचं. नेहमीप्रमाणे खेकडा तेजोमेघावरच मोजणार आहोत. त्याचा उजेड वर्षानुवर्षं तेवढाच असतो. काटा बरोबर आहे का बघायला दुकानदार खात्रीचं वजन ठेवतो ना, तसा. जुना कॅमेरा त्याच्या शेवटच्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, खेकड्याकडे बघून किती मंद उजेड ओळखू शकत होता ते काढायचं, मग नवा किती ओळखतो ते काढायचं. तुलनेला शेवटचाच हंगाम धरायचा, असा समितीचा आग्रह आहे.

त्यासाठी मला आरसे धुतल्याची रजिस्टरं हवीत. थोरलीचं आणि तिच्या शेजारच्या धाकटीचंही. पाठवशील? मूळ नको, फोटो चालतील.

आणि माझ्या वाट्याचा चहा तसाच ठेव. मी येणार आहे.

भिंगरी

*

२६ फेब्रुवारी

भिंगरे,

रजिस्टरांचे फोटो सोबत आहेत. दोन्ही दुर्बिणींचे. दर पंधरवड्याला एकदा, पहाटे, ऊन आरशांवर यायच्या आत. बघून घे, एकही रकाना रिकामा नाही. तुमच्या संस्थेत कुणाची हजेरी इतकी भरलेली असेल तर मला कळव.

तुला खुर्चीत बसून वाटत असेल, आरसे धुणं म्हणजे काय, बादली आणि फडकं. एका दुर्बिणीला दोनशे वीस आरसे. शिडी लावायची, निव्वळ शुद्ध पाणी, मऊ कापड, एकाच दिशेने हात फिरवायचा, गोल गोल नाही. आणि सूर्य उगवायच्या आत खाली उतरायचं, कारण दुर्बीण चुकून उन्हाकडे वळलेली असली तर समोरचं लोखंडही वितळेल. बोटं थंडीने अशी आखडतात की नंतर कप धरवत नाही. तू एकदा माझ्याबरोबर आली होतीस. तिसऱ्या आरशाला म्हणालीस, "ताई, मला अभ्यास आहे." तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही पुढे जाणार.

जुना कॅमेरा आता भांडारात पडलाय. चादर टाकलीय वर. नव्याला अकराशे नळ्या आहेत, उद्घाटनाला फीत कापली, फोटो काढले. फोटोत दुर्बीण चकचकीत दिसली पाहिजे म्हणून संचालकांनी आदल्या दिवशी थोरली माझ्याकडून पुसून घेतली. फोटोत मी नाही. शिडीचा कोपरा तेवढा आलाय.

मावशीला सांग, माझे हात हल्ली सरळ चालत नाहीत. संधिवात झालाय.

ताई

*

२ एप्रिल

ताई,

बस खाली. बसलीस? चाळीस टक्के.

जुन्या थोरलीला दिसायचा त्यापेक्षा चाळीस टक्के मंद उजेड नवी थोरली ओळखते. आम्हाला पंचवीसची आशा होती. काल आकडा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत एक फेरी मारली, खरंच भिंगरीसारखी. विभागप्रमुख दारात येऊन म्हणाले, "हा आकडा टिकला तर तुमच्या कायम नेमणुकीचं बोलायला हरकत नाही." सहा वर्षं झाली, ताई. सहा वर्षं मी दर वर्षी नव्याने अर्ज भरतेय.

एकवीस जूनला सगळ्या देशांतल्या लोकांची मोठी सभा आहे. तिथे मी हा आकडा मांडणार.

जाता जाता एक विचारते. थोरली आणि धाकटी तू एकाच पहाटे धुतेस ना? म्हणजे एकीला धुतलं आणि दुसरी राहिली, असं कधी होत नाही ना? सहज विचारतेय. रजिस्टरात तारखा तर सारख्याच दिसतात.

आई म्हणाली, "चाळीस म्हणजे नापासच ना गं?"

भिंगरी

*

१० एप्रिल

भिंगरे,

चाळीस?

पत्र तीनदा वाचलं, आकडा तिन्ही वेळा तोच. मला एक सांग, नवा कॅमेरा देवाने पाठवलाय का? नळ्या थोड्या चांगल्या, संख्येने जवळजवळ दुप्पट, मान्य. त्याने वीस, फार तर पंचवीस होतील. चाळीस व्हायला माझा कॅमेरा मुळात आंधळा असायला हवा. तसं लिहून टाक ना सरळ! 'एकोणीस वर्षं एका आंधळीने आंधळा कॅमेरा सांभाळला.'

मला वाटतं तू घोळ केलायस. कचरा, म्हणजे खोट्या ठिणग्या, गाळायची चाळणी ज्या माहितीवर बसवलीस, त्याच माहितीवर आकडा काढलास. नवशिके हमखास हेच करतात. आधी उत्तर बघायचं, मग त्याला शोभेल अशी चाळणी विणायची. मग चाळीस काय, साठही येतील. विभागप्रमुख दारात उभे असले की हात असे सैल सुटतात.

आणि धुण्याबद्दल जे सहज विचारलंस, ते सहज नव्हतं हे न कळायला मी दुधखुळी नाही. रजिस्टर पाठवलंय. वाचता येतं ना? माझ्या सहीवर तुला शंका असेल तर उघड विचार.

सभेला मीही येणार आहे. मागच्या रांगेत बसेन. प्रश्न विचारायची वेळ आली की हात वर करेन.

ताई

*

२२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र दोन दिवस टेबलावर पालथं ठेवलं होतं.

माहितीचे दोन भाग केलेत. चाळणी एका भागावर बसवली, आकडा दुसऱ्यावर काढला. ही पद्धतही तुझ्याच खाटेवर शिकले. वाटल्यास सगळी आकडेमोड पाठवते, स्वतः करून बघ.

सभेत सगळ्यांसमोर माझी जिरवायची असेल तर खुशाल ये. पण मला आत्ताच सांगितलंस तर जास्त बरं. चूक असेल तर मला ती हवीय. अजून एक तपासणी करायची राहिलीय, म्युऑन कणांच्या उजेडाच्या कड्यांची. ती तुला माहीत आहे. ती जून उजाडेपर्यंत चालेल.

मी रडत वगैरे नाहीये. तुला तसं वाटून बरं वाटू नये म्हणून लिहिलं.

भिंगरी

*

३० मे

भिंगरे,

पाच आठवडे झाले. जीप पाच वेळा माझं टपाल न घेता खाली गेली. काका विचारायचे, "आज पण काही नाही?"

तुझी आकडेमोड मी करून बघितली. बरोबर आहे. एक जागा सापडेना जिथे बोट ठेवता येईल. तुला कल्पना नाही मी किती शोधलं. दिवसाचं काम उरकून बसायचे, आणि तुझी चूक सापडली तर काय काय बोलायचं, याची वाक्यंसुद्धा तयार होती.

मग भांडारात गेले. जुन्या कॅमेऱ्यावरची चादर काढली आणि एकेक नळी तपासली. पाचशे शहात्तर. सव्वीस दिवस लागले. चारच नळ्या मेल्यात, बाकी ठणठणीत. म्हणजे माझा कॅमेरा आंधळा नव्हता. मला इतका आनंद झाला की त्याच्याशी बोलले. आणि तिथेच, चादर हातात धरून उभी असताना, मला कळलं की आंधळं काय होतं.

आरसे.

नीट ऐक. मागच्या जुलैत समितीचं पत्र आलं, थोरलीचा कॅमेरा कालबाह्य, बदलायचा. मला राग आला. मग ऑगस्टमध्ये मावशीचा फोन आला. खूश होती, सांगत होती की पुढच्या तपासणीला बहुतेक आमची भिंगरीच असेल. त्या दिवसापासून मी थोरलीला पाणी लावलं नाही. ज्या तोंडाला कुरूप ठरवलंय ते मी कशाला धुऊ? आणि कुणासाठी नटवू, तू मोजणार म्हणून? दर पंधरवड्याला धाकटी धुवायचे, थोरलीच्या खालून बादली घेऊन तशीच परत यायचे, आणि रजिस्टरात दोघींपुढे 'धुतली' लिहून सही करायचे. इथे पठारावर धूळ किती उडते ते तुला माहीत आहे. काकांनी एकदा विचारलं होतं, "थोरलीकडे शिडी नाही लावली?" मी म्हटलं, "तुमचं काम करा."

म्हणजे तू जुनी थोरली म्हणून मोजलीस ती मळलेली थोरली. आणि नवी मोजलीस ती उद्घाटनासाठी मीच लख्ख पुसून दिलेली. तुझ्या चाळिसातला निम्मा माझ्या रुसण्याचा आहे. तुझ्यावर जळत जळत मीच तुझा आकडा फुगवला. मग फुगलेला बघून आणखी जळले.

हे मी चांगुलपणाने लिहीत नाहीये. तसं समजू नकोस, आणि मावशीलाही तसं सांगू नकोस. मला तुझे चाळीस सहन होत नाहीत. ते खाली आणायचे तर खोटी सही कबूल करावी लागते, आणि मला तुझे चाळीस माझ्या सहीपेक्षा जास्त खुपतात. एवढी मी वाईट आहे. एकोणीस वर्षांत दुसरी एकही खोटी सही केलेली नाही, हेही लिहून ठेवते, पण आता ते कोण मानणार?

तुझ्या नेमणुकीचं काय होईल, ते मला माहीत आहे. हे पत्र चारदा फाडलं ते त्याच्यामुळे.

ताई

*

६ जून

ताई,

मला मार्चपासून माहीत होतं.

तू रागावायच्या आधी सगळं सांगून टाकते. वरून सुटा म्युऑन कण आरशाजवळ पडतो तेव्हा कॅमेऱ्यात त्याच्या उजेडाची गोल कडी उमटते, आणि ती किती ठळक यायला हवी याचं गणित पक्कं असतं. कडी फिकी आली की समजायचं, आरसे उजेड खातायत. हे तुला मी सांगायला नको. पण मी मार्चमध्येच थोड्या कड्या काढून बघितल्या होत्या. धाकटीच्या कड्या वर्षभर एकसारख्या. थोरलीच्या ऑगस्टपासून दर महिन्याला फिक्या होत गेलेल्या. दोघी एकाच अंगणात उभ्या, धूळ एकीवरच कशी पडेल? म्हणून एप्रिलच्या पत्रात तो प्रश्न विचारला.

तू उत्तर दिलंस, "वाचता येतं ना?" आणि मी गप्प बसले. तपासणी जूनपर्यंत चालेल असं लिहिलं, ते खोटं होतं. ती संपलेली होती.

मी का गप्प बसले, याचं एक कारण आहे जे मी सगळ्यांना सांगितलं असतं: ताईची सही खोटी पडेल, तिला त्रास होईल. ऐकायला फार छान वाटतं. खरं कारण वेगळं आहे. चाळीस मला गोड लागत होते. रजिस्टरावर तुझी सही आहे, मी त्यावर विश्वास ठेवला, माझा काय दोष, असं म्हणून मी सुटले असते. आणि ताई, तुझ्या कॅमेऱ्याला कुणीतरी इतकं मागे टाकलंय आणि ते मोजणारी मी आहे, याचं मला बरं वाटत होतं. तो आकडा आईला दाखवायचा होता. फुटलेल्या प्रत्येक कपाचा वचपा.

तुझं पत्र आलं नसतं तर मी काय केलं असतं ते मला खरंच माहीत नाही. माझ्या संगणकात दोन अहवाल आहेत. एकात चाळीस, एकात बावीस. दोन्ही पूर्ण लिहिलेले. दोन्हींवर माझं नाव.

बावीसचा पाठवतेय. विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "हं." त्यानंतर नेमणुकीचा विषय निघाला नाही.

एकच विनंती. कारण म्हणून मी 'आरशांवर साचलेली धूळ' एवढंच लिहिते. ते खोटं नाही. तुझी सही मध्ये आणायची गरज नाही. चालेल?

भिंगरी

*

१३ जून

भिंगरे,

चालणार नाही.

धूळ काय, कुठेही साचते. ती का साचली ते लिहिलं नाहीस तर पुढच्या वेळी कुणीतरी त्या रजिस्टरावर विश्वास ठेवील. मी काल ते घेऊन बसले. ऑगस्ट ते डिसेंबर, थोरलीच्या प्रत्येक नोंदीपुढे लाल शाईने लिहिलं, 'धुतली नव्हती', आणि खाली सही. या वेळी खरी. मग रजिस्टर संचालकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी म्हटलं, "माझीही नव्हती." आता रजिस्टर त्यांच्या कपाटात राहील आणि धुताना सोबत दुसरं कुणी हजर पाहिजे, असा आदेश निघालाय. त्याच फलकावर लागलाय, पाण्याच्या सूचनेखाली. काकांनी वाचला आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलले. भला माणूस.

तू मार्चपासून गप्प होतीस हे वाचून मला आधी संताप आला. मग, खोटं कशाला बोलू, जरा हायसं वाटलं. म्हणजे आपण दोघी तुझ्या आईच्याच हाताखाली वाढलो तर.

सभेला मी येत नाही. हात वर करायचा होता तो केला.

तुझी ताई

*

२४ जून

ताई,

सभा झाली. कारण जसंच्या तसं लिहिलं, तुझी लाल शाईसुद्धा पडद्यावर दाखवली. बावीस टक्के. टाळ्या बेताच्याच. नेमणुकीचं यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुन्हा अर्ज. भरेन.

पण एक गोष्ट तू माझ्यापासून लपवलीस, आणि ती मला सभेत सगळ्यांसमोर सांगावी लागली.

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञांनी विचारलं, "शेवटचा सगळा हंगाम आरसे मळलेले होते, मग स्वच्छ जुन्या दुर्बिणीचा आकडा तुम्ही आणला कुठून? बावीस कशाशी तुलना करून?" प्रश्न बरोबर होता. मी कड्यांचा आलेख लावला. ऑगस्टपासून थोरली उतरत जाते, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, सरळ खाली. आणि अगदी शेवटी, वीस डिसेंबरला, एकच ठिपका. एकदम वर. धाकटीच्याही वर. इतकी ठळक कडी थोरलीने गेल्या सात वर्षांत दिली नव्हती.

एकवीस डिसेंबरला सकाळी कॅमेरा उतरवला. म्हणजे त्याच्या शेवटच्या दिवशी पहाटे कुणीतरी थोरलीचे दोनशे वीस आरसे धुतले होते. रजिस्टरात त्या तारखेला नोंद नाही. लाल शाईही नाही. त्या संध्याकाळी जुन्या कॅमेऱ्याने पाच तास खेकडा बघितला, आणि माझे बावीस त्याच पाच तासांवर उभे आहेत. बाकी सगळा हंगाम मला टाकून द्यावा लागला.

मी सभेत एवढंच म्हटलं, "ही जुन्या कॅमेऱ्याची खरी नजर." मग पाणी प्यायले.

खोटं धुतलेलं सगळं लिहून ठेवलंस आणि खरं धुतलेलं लिहिलं नाहीस. का?

भिंगरी

*

२ जुलै

भिंगरे,

ते कुणाला कळेल असं मला वाटलं नव्हतं. मेल्या कड्या!

नोंद केली नाही, कारण ते काम नव्हतं. पंधरवड्याचा दिवसही नव्हता. एकोणीस तारखेला झोपायला गेले आणि मनात आलं, उद्या हा कॅमेरा शेवटचं बघणार आणि मी याला धुळीतून बघायला लावणार. पहाटे उठले. एकटीने चार तास. संधिवात होता, शिडीवरून दोनदा उतरावं लागलं. वर असताना सारखं तुझंच मनात यायचं, मोजायला भिंगरी येणार, मोजू दे. आणि तरी धूत होते. ते माझ्या आणि त्याच्यातलं होतं, त्याची सही कसली करायची?

तुझे बावीस खरे आहेत. मी आकडेमोड पुन्हा केली. नवा कॅमेरा चांगला आहे. हे वाक्य लिहायला अकरा दिवस नाही, एकच लागला.

काल सकाळी थोरली धुतली. आदेशाप्रमाणे दुसरं माणूस लागतं म्हणून काका शिडी धरून उभे होते, आणि तिसऱ्या आरशाला त्यांनाही काम आठवलं. पुढच्या पंधरवड्याला तू ये. या वेळी मी तुला अभ्यासाला सोडणार नाही. दोनशे विसाव्या आरशापर्यंत उभी राहा, मग रजिस्टरात साक्षीदार म्हणून तुझी सही घेईन.

थोरलीवर तुझ्या हाताने बसलेलं काहीच नाही म्हणतेस ना? निदान एक सही तरी बसू दे. मावशीला दाखवता येईल.

तुझी ताई